साडेचार फूट

सर्जेराव तसा वाईट माणूस नव्हता. मांडवगण फराट्यात कुणाचा बांध त्यानं कधी कोरला नाही, कुणाच्या लग्नात रुसून बसला नाही. रांजणगावच्या एका कंपनीत तीस वर्षं मेंटेनन्सचा फिटर म्हणून काढली, पण कुणाची चुगली साहेबापर्यंत नेली नाही. फक्त एका माणसाचं भलं झालेलं त्याला सोसत नसे. तो माणूस म्हणजे त्याचा साडू, भीमेपलीकडचा, दौंड तालुक्यातल्या भांडगावचा मारुतराव.

साडवा-साडवांत हे चालायचंच, असं कुणी म्हणेल. एकाच घरच्या दोन लेकी केलेल्या, तेव्हा सासरवाडीच्या ओसरीवर तराजू कायमचा टांगलेला. सर्जेरावाची अनिता थोरली, मारुतरावाची सविता धाकटी. म्हणजे मानानं सर्जेराव थोरला. पण नुसत्या मानानं भागत नाही. मारुतरावाला हायवेजवळ आठ एकर सपाट रान, सर्जेरावाला चढउताराचं साडेतीन. सर्जेरावानं स्कूटर घेतली त्या साली मारुतरावानं जीप घेतली. सर्जेरावानं घरावर स्लॅब टाकला, तर मारुतरावानं स्लॅबवर आणखी एक स्लॅब टाकला. आणि एवढं करून गडी असा साधा, की भेटला की वाकून पाया पडायचा, रागवायला जागाच ठेवायचा नाही. सर्जेरावाला सगळ्यांत जास्त तेच डाचायचं.

रिटायर व्हायला वर्ष उरलं तेव्हा सर्जेरावानं ट्रॅक्टरचं मनावर घेतलं. त्याच्याकडं बारा वर्षांचा जुना पॉवर टिलर होता. त्याची मूठ धरून मागं मागं चालावं लागे, आणि उजवा गुडघा आता चालू देत नव्हता. दोन एकर डाळिंब, दीड एकर मोकळं रान. रिटायर झालेली माणसं त्यानं बघितली होती. सहा महिने देवळाच्या पारावर बसतात आणि सातव्या महिन्यापासून एकमेकांना गोळ्यांची नावं सांगतात. त्याला तसं व्हायचं नव्हतं. स्वतःची बाग स्वतःच्या हातानं करायची, कुणाच्या तोंडाकडं बघायचं नाही, एवढंच त्याला पुढच्या आयुष्याकडून हवं होतं. त्यासाठी बसून चालवता येईल असं यंत्र पाहिजे होतं, आणि ते बागेत शिरलं पाहिजे होतं.

म्हणून आषाढात, फळं काढणीला आलेली असताना, तो टेप घेऊन बागेत शिरला. झाडांच्या ओळी बारा फुटांवर लावलेल्या. पण फळांच्या वजनानं फांद्या दोन्ही बाजूंनी खाली झुकल्या होत्या. त्यानं प्रत्येक ओळ तीन-तीन ठिकाणी मोजली. सगळ्यांत अरुंद जागा साडेचार फूट भरली. कंपनीतून आणलेल्या पिवळ्या मार्करनं त्यानं मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर ठळक लिहिलं, ‘साडेचार फूट’. तीस वर्षांत त्यानं कंपनीची खाल्लेली वस्तू म्हणाल तर तो एक मार्कर.

शिरूरच्या शोरूममध्ये सुदर्शन नावाचा सेल्समन होता. त्यानं चोवीस एचपीचा लाल ट्रॅक्टर दाखवला. रुंदी साडेतीन फूट. सीट एवढी खाली, की एक पाय टाकला की माणूस बसला. सर्जेराव त्यावर तीनदा बसला, तीनदा उतरला आणि गुडघा एकदाही बोलला नाही. फवारणीचा ब्लोअर मागं बसत होता. “गुढीपाडव्याला नेतो,” असं म्हणून तो बुकिंग करून आला. परत येताना त्याला फार हलकं वाटत होतं.

आणि मग दसरा आला.

दसऱ्याला सासरवाडीला, पारगावला, सगळे जमले होते. दुपारी वाजत-गाजत मारुतराव आला. जीपमधून नाही, ट्रॅक्टरवरून. पन्नास एचपीचा नवा कोरा ट्रॅक्टर, झेंडूच्या माळांनी झाकलेला, मागची चाकं उभ्या माणसाच्या छातीला लागतील एवढी. शोरूममधून त्यानं तो सरळ सासूच्या दारात आणला होता. उतरला, सर्जेरावाच्या पाया पडला आणि नारळ पुढं केला.

“आप्पा, नारळ तुमी फोडायचा. तुमी थोरलं.”

चार माणसांत नाही कसं म्हणणार? सर्जेरावानं नारळ हातात घेतला, शेंडीकडं बघितलं, आणि खरं सांगायचं तर त्याच्या मनात आलं की हा नासका निघावा. आत काळं पाणी असावं, वास सुटावा, सासूनं पदर नाकाला लावावा. त्यानं दगडावर नारळ हाणला. पांढराशुभ्र निघाला. पाणी एवढं गोड, की सासूनं, धुरपदाबाईनं, दोन घोट जास्त घेतले आणि म्हणाली, “थोरल्या जावयाच्या हाताला यश हाय.” सर्जेराव कसनुसा हसला.

धुरपदाबाई ट्रॅक्टरभोवती फिरली. “हत्तीच हाय की जणू. सर्जेराव, तुमचा कवा येनार?”

“गुढीपाडव्याला,” सर्जेराव म्हणाला.

“ह्येवढाच का?”

सर्जेराव घुटमळला तेवढ्यात मारुतरावानंच, अगदी कौतुकानं सांगितलं, “आप्पाचा चोवीसचा हाय, बागंतला. लय मोजूनमापून घेतलाय त्यांनी.”

“म्हंजी ह्याच्या निम्मा,” म्हातारी म्हणाली आणि पुरणाचं बघायला आत गेली.

तिच्या मनात काही नव्हतं. पन्नास आणि चोवीस, हिशेब तिचा बरोबरच होता. पण ‘निम्मा’ हा शब्द सर्जेरावाच्या कानात कुसळासारखा शिरला. पुरणपोळी त्याला गोड लागली नाही. परतीच्या वाटेवर, भीमेच्या पुलावर आल्यावर त्यानं अनिताला विचारलं, “तुझ्या आईला काय म्हनायचं व्हतं? निम्मा ट्रॅक्टर, का निम्मा जावई?”

“तिला पोळ्या करायच्या व्हत्या,” अनिता म्हणाली. “तुमी काय बी डोस्क्यात घेता.”

तिनं एवढं सांगितलं तरी ते डोक्यातून गेलं नाही. कंपनीत डबा खाताना निम्मा, बसमध्ये निम्मा. रात्री कूस बदलली तरी उशीवर निम्माच. दिवाळीत भाऊबीजेला गेला, तर पारगावच्या ओसरीवर सगळे मारुतरावाच्या ट्रॅक्टरचंच बोलत होते. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या कशा ओढतो, चिखलातून कसा निघतो. सर्जेरावाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्याला मारुतरावाचा हेवा वाटत होता, आणि वाटतोय हे त्याचं त्यालाही चांगलं कळत होतं. कळून काय उपयोग? खाज कळली म्हणून थांबत नाही.

डिसेंबरात बागेला ताण दिला. डाळिंबाचं असं असतं, की बहार धरण्याआधी महिना-दीड महिना पाणी तोडायचं, म्हणजे झाडं पानं टाकतात. मग छाटणी करायची. छाटणी अनितानं आणि दोन बायांनी केली. बाग उघडी-बोडकी झाली. ओळीच्या या टोकाला उभं राहिलं की त्या टोकाची बाभळ दिसायची. एका रविवारी सर्जेराव त्या मोकळ्या ओळींकडं बराच वेळ बघत राहिला आणि घरात जाऊन टेप घेऊन आला.

“धर जरा टोक,” तो अनिताला म्हणाला.

“पुन्यांदा कशाला? आषाढात मोजलंय की.”

“तवा घाईत मोजलं व्हतं.”

घाईत मोजलं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. अनितानं टोक धरलं. त्यानं टेप ताणला. साडेसात फूट भरलं. दुसरी ओळ मोजली, तीही साडेसात. सर्जेरावाचा चेहरा उजळला.

“बघ. साडेसात हाय.”

“पानं गेल्यात सगळी, छाटणी झालीया. आता साडेसातच भरनार. फळं लागल्यावर बघा.”

“फिटर मी हाय का तू?”

“फिटर तुमीच,” अनिता टेपचं टोक सोडत म्हणाली. “पन मला नगा इचारू. बागंला इचारा.”

सर्जेरावानं बागेला विचारलं नाही. आता हे बघा, की हाच माणूस कंपनीत नव्या पोरांना शिकवायचा, ‘गार मशीनचं माप घेऊन खुशाल राहू नका रे. चालू झाली की तापते, तापली की फुगते. गार असताना सैल वाटलेलं तापल्यावर आवळतं.’ तीस वर्षं हे शिकवून त्यानं स्वतःच्या बागेचं माप गारठ्यात घेतलं. माप खरं होतं, मोजायची वेळ खोटी होती, आणि ती त्यानं जाणूनबुजून निवडली होती. मोटारीच्या खोलीत जाऊन त्यानं त्याच पिवळ्या मार्करनं ‘साडेचार’वर आडवी रेघ ओढली आणि खाली ‘साडेसात’ लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तो शोरूमला गेला. सुदर्शनला म्हणाला, “त्यो बारका राहू दे. मोठा दाखव.”

“किती मोठा, काका?”

“पन्नासच्या वर काय हाय?”

“पंचावन्न आहे. पण काका, तुमची तर डाळिंबाची बाग आहे ना?”

“मोजून आलोय मी.”

“काम काय काय काढणार पंचावन्नकडून?” सुदर्शननं साधंच विचारलं. त्याला फॉर्ममध्ये भरायचं असावं. दीड एकर मोकळ्या रानात पंचावन्न एचपी म्हणजे चटणी वाटायला गिरणी. सर्जेराव म्हणाला, “शेतीची सगळी कामं लिही,” आणि भिंतीवरच्या फोटोंकडं बघत बसला. पॉवर टिलरही त्यानं बदल्यात देऊन टाकला. आता मागं फिरायची वाट उरली नव्हती.

पाडव्याला त्यानं मारुतरावाला मुद्दाम शोरूमला बोलावून घेतलं. सविता आली, तिनं दाजींच्या ट्रॅक्टरला ओवाळलं. अनितानं चाकाखाली लिंबू ठेवलं. आणि सर्जेरावानं नारळ मारुतरावाच्या हातात दिला. आपल्याला दसऱ्याला जे झालं ते ह्यालाही होऊ दे, एवढाच त्यामागचा हेतू. मारुतराव नारळ घेऊन उभा राहिला, तेव्हा सर्जेराव त्याच्या तोंडाकडं टक लावून बघत होता. एखादी आठी, एखादा आवंढा, काहीतरी दिसावं. मारुतरावानं नारळ फोडला. आत फूल निघालं. कोंब धरलेलं, बोराएवढं गोंडस फूल. एवढा शुभशकुन, की शोरूमची माणसं बघायला जमली.

“पंचावन्न,” मारुतराव म्हणाला. “लय भारी, आप्पा. जिल्ह्यात आपल्या पाव्हन्यात एवढा कुनाचा नसंल.” आणि वाकून पाया पडला. तोंडावर आनंदाशिवाय काही नव्हतं. सर्जेरावाला वाटलं, एवढा खर्च करून ह्या माणसाला साधी मिरचीसुद्धा झोंबू नये?

तेवढ्यात मारुतरावाचं लक्ष कोपऱ्यातल्या लाल बारक्या ट्रॅक्टरकडं गेलं. त्याच्या स्टिअरिंगला अजून सर्जेरावाच्या नावाची चिठ्ठी लोंबत होती. तो सुदर्शनला काहीतरी विचारत होता. सर्जेराव हार सारखे करण्यात दंग होता, त्यानं तिकडं बघितलं नाही.

शोरूममधून तो घरी गेला नाही, वाट वाकडी करून पारगावला गेला. सासूनं बघितल्याशिवाय त्या ट्रॅक्टरला त्याच्या लेखी अर्थ नव्हता. पण धुरपदाबाईचं आदल्या दिवशीच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. एका डोळ्याला हिरवी पट्टी, दुसऱ्यानं आधीच अंधुक. तिला हाताला धरून अंगणात आणलं. तिनं मागच्या चाकावर हात फिरवला, वर चाचपलं, खाली चाचपलं.

“मारुतरावाच्याएवढाच हाय जनू,” ती म्हणाली.

“पाच जास्त हाय, मामी.”

“आसंल,” म्हातारी म्हणाली आणि डोळ्याला ऊन लागतं म्हणून आत गेली.

पुढचे दोन महिने सर्जेरावानं सुखाचं सोंग चांगलं वठवलं. ट्रॅक्टर दारात उभा असायचा, येणारा-जाणारा थांबायचा. अडचण एकच होती, त्यावर चढायची. पायरी उंच, गुडघा नाराज. पहिल्या आठवड्यात त्यानं दारात दगड ठेवला. पण दगड काही शेतात बरोबर येत नाही. मग प्लास्टिकचं निळं स्टूल आलं. सर्जेराव ट्रॅक्टरवरून पुढं आणि अनिता हातात स्टूल घेऊन मागं, अशी वरात दर सुट्टीला सकाळी गावातून निघायची. पारावरची माणसं तोंड दुसरीकडं करून हसायची. अनिता स्टूल जरा जोरातच आपटायची.

बागेनं मात्र बोलायला सुरुवात केली होती. चैत्रात तो ब्लोअर लावून ओळीतून गेला, तेव्हा जागा होती. वैशाखात पानं चाकांना पुसायला लागली. त्यानं मनाला सांगितलं, पानंच आहेत. मग फांद्या पत्र्याला घासू लागल्या, कर्रकर्र आवाज यायचा. त्यानं इंजिनाचा आवाज वाढवला. मे संपला. कंपनीत निरोपाचा कार्यक्रम झाला, शाल-नारळ मिळाला. माईकवर तो म्हणाला, “उद्यापासून मी आणि माझी बाग.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो नारळ त्यानं देव्हाऱ्यापाशी नेऊन ठेवला आणि त्या रात्री त्याला झोप आली नाही.

जूनमध्ये तीन दिवस आभाळ गच्च राहिलं. हवा दमट, अंगाला चिकटणारी. चौथ्या दिवशी शेजारच्या बागेत तेल्याचे डाग दिसले. तेल्या म्हणजे डाळिंबाचा काळ. फळावर तेलकट काळा डाग पडतो, फळ तडकतं, आणि एकदा पसरला की हंगाम गेला. त्याच दिवशी फवारणी व्हायला हवी होती. पाइप घेऊन हातानं फवारणारी टोळी चार दिवस मोकळी नव्हती, कारण सगळ्यांच्याच बागेला एकदम घाई झालेली.

“मी काढतो,” सर्जेराव म्हणाला.

“जानार न्हाई त्यो आत,” अनिता म्हणाली. “फांद्या बघा कशा लवल्यात.”

“बघू तर.”

स्टुलावरून तो वर चढला आणि पहिल्या ओळीत शिरला. दहा पावलं गेला असेल, तर डाव्या अंगाची फांदी चाकात आली आणि कडाडकन मोडली. उजवीकडची धुराड्यात अडकली. तो थांबला. पुढं गेलं तरी मोडणार, मागं आलं तरी मोडणार. मागं बघायला मान वळवली, तर मागं फळांचा सडा. लिंबाहून मोठी झालेली, अजून हिरवट, दोन महिने राहिली असती तर लालभडक झाली असती अशी फळं. ती वाचवायला तो आला होता आणि तेल्याच्या आधी त्यानंच ती पाडली होती. अनिता पाटी घेऊन आली आणि खाली बसून एक एक फळ उचलू लागली. ती रडत नव्हती. ती रडली असती तर बरं झालं असतं, असं सर्जेरावाला वाटलं.

ट्रॅक्टर मागं काढताना आणखी दोन फांद्या गेल्या. तो मोटारीच्या खोलीच्या उघड्या दारासमोर येऊन बसला. आतून अनिताचा आवाज आला, ती फोनवर बोलत होती.

“कुनाला फोन?” त्यानं विचारलं.

“सविताला. तिच्याकडला बारका ट्रॅक्टर मागवलाय.”

“तिच्याकडं कुठला बारका?”

“तुमी टाकून दिल्याला. पाडव्यानंतर आठ दिसांनी नेला त्यांनी. सविताच्या शेवंतीच्या मळ्याला.”

सर्जेरावाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आधी बाग आठवली नाही, फळं आठवली नाहीत. आधी आठवलं की मारुतरावाकडं आता दोन झाले. एक मोठा, एक बारका. आणि बारका तोही आपला, तीनदा बसून, गुडघ्याला विचारून निवडलेला. “नगं म्हनून सांग,” तो म्हणाला. “मी उद्या टोळी आनतो.”

अनिता बाहेर आली. तिच्या हातात पाटी तशीच होती. “बाग तुमची एकट्याची न्हाई,” ती म्हणाली. “काट्यांनी हात माझं फाटल्यात छाटनी करताना. तुमाला आईनं निम्मा म्हनलं ते आठ म्हयनं लागलं. मला ही फळं लागत्यात. मारुतराव येनार, आन् तुमी त्यांच्याशी नीट बोलायचं.” तेहतीस वर्षांच्या संसारात ती एका दमात एवढं कधी बोलली नव्हती. समोर भिंतीवर पिवळी रेघ होती, आणि रेघेखालचं ‘साडेचार’ अजून स्वच्छ वाचता येत होतं.

दोन तासांनी पिकअप आला. मारुतरावानं फळ्या लावून लाल ट्रॅक्टर खाली उतरवला. सर्जेरावाच्या पाया पडला. मोडलेल्या फांद्या त्यानं बघितल्या, नाही असं नाही. पण त्यावर एक अक्षर काढलं नाही.

“मारुतराव, ह्यो कसा काय घेतला तुमी?” सर्जेरावानं विचारलं. विचारल्याशिवाय त्याला राहवेना.

“सविताला शेवंतीत पायजे व्हता. मला त्या एचपीचं काय कळतं, आप्पा? मोठा घेतला त्यो उसाच्या ट्रॉलीसाठी, ज्यो दाखवला त्यो घेतला. बारका कंचा घ्यायचा ते समजंना. मग ह्याच्यावर तुमच्या नावाची चिठ्ठी बघितली. म्हनलं, आप्पा फिटर मानूस, मोजूनमापून निवडला आसंल. डोळं झाकून घेतला.”

सर्जेराव खाली मान घालून ऐकत होता. आपल्या मापावर ह्या माणसानं डोळे झाकून विश्वास ठेवला, आणि आपण उघड्या डोळ्यांनी त्यावर रेघ मारली. हे कुणी चारचौघांत शिवी दिल्यासारखं लागलं.

“बसा,” मारुतराव म्हणाला. “ओळी तुमच्या पायाखालच्या. मी ब्लोअर ह्याला जोडून टाकी भरून देतो.”

अनिता सवयीनं स्टूल घेऊन आली होती. सर्जेरावानं एक पाय टाकला आणि बसला. स्टूल तिच्या हातातच राहिलं. ब्लोअर सुरू झाला, ट्रॅक्टर ओळीत शिरला. डावीकडं अर्धा फूट, उजवीकडं अर्धा फूट. फळं चाकाजवळून जायची, पण चाकाला लागायची नाहीत. सबंध दुपारभर तो ओळीमागून ओळ फवारत गेला, आणि शेवटच्या ओळीतून बाहेर आला तेव्हा एक फळही पडलेलं नव्हतं. तोंडावर औषधाचे बारीक थेंब होते. गुडघा गप्प होता. रिटायर झाल्यावर आपल्याला काय हवं होतं, ते त्याला त्या दुपारी मिळालं, साडवाच्या ट्रॅक्टरवर बसून.

संध्याकाळी चहा झाला. मारुतराव म्हणाला, “ह्यो ऱ्हाऊ द्या हितं, आप्पा. बाग निघस्तवर वापरा. शेवंतीला आता काय काम न्हाई.”

म्हणजे ह्या वर्षी उसना. पुढच्या बहाराला पुन्हा फोन, पुन्हा पिकअप, पुन्हा ह्याचं पाया पडणं. सर्जेरावानं दारातल्या पंचावन्नकडं बघितलं. पाडव्याचा हार अजून त्याच्यावर होता, वाळून काळा पडलेला. तो ट्रॅक्टर बारक्याच्या बदल्यात दिला तर मारुतरावाकडं पन्नास आणि पंचावन्न असे दोन हत्ती होणार. पारगावच्या ओसरीवर पुन्हा निम्मा ऐकावं लागणार, आणि ह्या वेळी म्हातारीला लख्ख दिसत असणार. त्याच्या पोटात खरोखर दुखलं. अनिता कपबशा उचलायची थांबली होती.

“मारुतराव,” तो शेवटी म्हणाला, “त्यो मोठा घिऊन जावा. उसाला कामाला यील. ह्यो मला ऱ्हाऊ द्या. वरच्या पैशाचं काय ते आपन बसून बघू.”

“नक्की व्हय, आप्पा? तुमी हौसंनं घेतला.”

“हौस कुठली,” सर्जेराव म्हणाला. “तुमच्यापरीस पाच जास्त पायजे व्हतं मला. दुसरं काय कारन न्हाई.”

मारुतरावानं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाला, “मग नारळ फोडायला पायजे. तसाच कसा न्यायचा दारातनं? आन् तुमीच फोडा. तुमी थोरलं.”

घरात नारळ एकच होता, कंपनीनं निरोपाला दिलेला. अनितानं तो देव्हाऱ्यापासून आणून नवऱ्याच्या हातात दिला. सर्जेराव पंचावन्नच्या पुढच्या चाकापाशी उभा राहिला, नारळ वर उचलला, आणि क्षणभर थांबला. हा नासका निघावा असं त्याला आताही वाटलं. पण ह्या खेपेला जरा कमी.